मेकॅनिकल टर्क : कमांड लाइनची मांडणी, पहिले काम आणि मजुरीचा हिशेब

एखादे मोठे, कंटाळवाणे पण माणसाच्या नजरेशिवाय न होणारे काम शेकडो लोकांत वाटून देणे, याला इंग्रजीत क्राउडसोर्सिंग म्हणतात. जुन्या छापील पानांतील ओळी टंकित करणे, छायाचित्रातील फलक वाचणे, ध्वनिफितीतील वाक्ये लिहून काढणे अशी ही कामे. ती इंटरनेटवरून वाटून देणारी एक जुनी आणि बरीच चर्चेतली सेवा म्हणजे ॲमेझॉन मेकॅनिकल टर्क. संशोधन, दस्तऐवजीकरण किंवा भाषा-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या आपल्या तरुणांना आज ना उद्या या सेवेशी गाठ पडते. कधी काम देणारे म्हणून, कधी काम करणारे म्हणून.

ही सेवा कमांड लाइनवरून चालवण्यासाठी संगणक कसा तयार करायचा, पहिले काम कसे टाकायचे, निकाल कसे घ्यायचे आणि पैशांचा हिशेब कसा ठेवायचा, याची ही क्रमवार माहिती आहे. वाचनाच्या सोयीसाठी आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या लहान इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात आणि मधली जोडरेघ जशीच्या तशी ठेवावी.

नाव कुठून आले

१७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फोन केम्पेलन याने बुद्धिबळ खेळणारे एक यंत्र सादर केले. तुर्की पोशाखातला पुतळा पेटीमागे बसून सोंगट्या हलवत असे. या 'टर्क'ने युरोपात आणि नंतर अमेरिकेत भल्याभल्यांना हरवले. नेपोलियनही त्याच्याशी खेळला. खरी गोष्ट अशी होती की पेटीच्या आत एक कसलेला बुद्धिबळपटू दडून बसलेला असे. १८५४ मध्ये फिलाडेल्फियात लागलेल्या आगीत ते यंत्र जळाले.

ॲमेझॉनने नोव्हेंबर २००५ मध्ये आपली सेवा सुरू केली तेव्हा हेच नाव घेतले. बाहेरून यंत्र काम करते असे दिसते, आत माणूस असतो. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तिच्या उभारणीत या आतल्या माणसांचा वाटा मोठा आहे. संगणकाला छायाचित्रे ओळखायला शिकवणारा 'इमेजनेट' हा प्रसिद्ध चित्रसंग्रह २००९ मध्ये जाहीर झाला. त्यातील लाखो चित्रांवर नावांच्या चिठ्ठ्या लावण्याचे काम मेकॅनिकल टर्कवरील कामगारांनी केले. अमेरिकेनंतर या सेवेवर सर्वाधिक कामगार भारतातले राहिले आहेत.

आधी समजून घ्यायचे शब्द

रिक्वेस्टर म्हणजे काम देणारा. वर्कर म्हणजे काम करणारा. हिट म्हणजे कामाचा एक सुटा तुकडा, उदाहरणार्थ 'या चित्रातील ओळ टंकित करा'. एकच हिट तीन वेगवेगळ्या कामगारांकडून करून घ्यायचे असेल तर त्याची तीन असाइनमेंट होतात. म्हणजे असाइनमेंट ही एका माणसाने केलेली एका हिटची प्रत. रिवॉर्ड ही एका असाइनमेंटची मजुरी, ती डॉलरमध्ये ठरते. क्वालिफिकेशन म्हणजे काम कोणाला दिसावे याची अट. हिट टाइप म्हणजे एकाच शीर्षकाच्या, एकाच मजुरीच्या आणि एकाच अटींच्या कामांचा गट.

हिट आणि असाइनमेंट यांतला फरक पक्का करून घ्यावा. पैसे हिटवर नव्हे, असाइनमेंटवर जातात. नवख्या लोकांचा हिशेब इथेच चुकतो.

जुनी साधने आणि आजची साधने

जुन्या लेखांत आणि विद्यापीठांच्या टिपणांत 'लोड हिट्स', 'गेट रिझल्ट्स', 'अप्रूव्ह वर्क' अशा आज्ञा सापडतील. त्या ॲमेझॉनच्या जुन्या, जावावर चालणाऱ्या साधनसंचातल्या आहेत. तो संच उतरवून घ्यायचा, जावाचा मार्ग नोंदवायचा, एका प्रॉपर्टीज फाइलमध्ये किल्ल्या भरायच्या आणि मग प्रत्येक कामासाठी तीन फाइली बनवायच्या, अशी ती पद्धत होती. एका फाइलीत मजुरी व मुदत, दुसरीत प्रश्न आणि तिसरीत प्रत्येक हिटसाठीची माहिती असे.

२०१७ मध्ये मेकॅनिकल टर्कची एपीआय नव्याने आली आणि ही सेवा ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या सर्वसाधारण कमांड लाइनमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएस सीएलआयमध्ये सामील झाली. जुना संच शोधत बसू नये. त्यातली तीन फाइलींची कल्पना मात्र चांगली होती आणि ती आजही उपयोगी पडते, ते पुढे येईलच.

पायरी पहिली : दोन खाती आणि त्यांची जोडणी

इथे दोन वेगळी खाती लागतात आणि पुष्कळांचा गोंधळ याच ठिकाणी होतो. एक ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचे खाते, दुसरे मेकॅनिकल टर्कचे रिक्वेस्टर खाते. रिक्वेस्टर खाते ठरावीक देशांतील व्यक्ती आणि संस्थांनाच मिळते. त्यामुळे आपला देश यादीत आहे का आणि नवे खाते उघडता येते का, हे सर्वांत आधी पाहावे. ते शक्य नसेल तर खाते असलेल्या विद्यापीठातील सहकारी संशोधकाबरोबर काम करावे. अशा वेळी करार, श्रेय आणि माहितीची मालकी आधीच लेखी ठरवून घ्यावी.

दोन्ही खाती झाल्यावर रिक्वेस्टरच्या संकेतस्थळावर डेव्हलपर या टॅबमध्ये जाऊन ती एकमेकांना जोडायची. ही जोडणी केली नाही तर पुढच्या सगळ्या आज्ञा बरोबर असूनही नाकारल्या जातात.

सरावासाठी सँडबॉक्स नावाची वेगळी जागा आहे. तिथे खरे पैसे लागत नाहीत आणि खरे कामगारही नसतात. सँडबॉक्समध्ये रिक्वेस्टर म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि तिथेही खात्यांची जोडणी पुन्हा करावी लागते. आपण टाकलेले काम कामगाराच्या बाजूने कसे दिसते ते पाहण्यासाठी सँडबॉक्समध्येच वर्कर म्हणूनही नोंदणी करावी.

पायरी दुसरी : मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता

एडब्ल्यूएस खात्याच्या मूळ मालकाला रूट म्हणतात. रूटच्या किल्ल्या कमांड लाइनला कधीही देऊ नयेत. त्या किल्लीने खात्यातील सर्व काही करता येते, बिल वाढवण्यापासून सगळे पुसून टाकण्यापर्यंत.

त्याऐवजी आयएएम या विभागात जाऊन नवा वापरकर्ता तयार करावा. त्याला 'ॲमेझॉन मेकॅनिकल टर्क फुल ॲक्सेस' ही एकच तयार परवानगी द्यावी. गटातील ज्या कार्यकर्त्याला फक्त निकाल पाहायचे आहेत त्याच्यासाठी 'रीड ओन्ली' परवानगीचा दुसरा वापरकर्ता बनवावा. प्रत्येकाची किल्ली वेगळी असली की कोणी गट सोडला तरी त्याची एकच किल्ली बंद करून भागते.

वापरकर्त्यासाठी ॲक्सेस की तयार केल्यावर दोन गोष्टी मिळतात : ॲक्सेस की आयडी आणि सीक्रेट ॲक्सेस की. दुसरी एकदाच दाखवली जाते. ती पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये ठेवावी. व्हॉट्सॲप गटावर, ईमेलमध्ये किंवा गिटहबवर कधीही टाकू नये. चुकून बाहेर गेलीच तर आयएएममध्ये जाऊन ती लगेच निष्क्रिय करावी आणि नवी घ्यावी. टाकलेला संदेश पुसून उपयोग नसतो.

पायरी तिसरी : सीएलआय बसवणे

एडब्ल्यूएस सीएलआयची दुसरी आवृत्ती घ्यावी. विंडोजसाठी एमएसआय फाइल मिळते, मॅकसाठी पीकेजी फाइल, आणि लिनक्ससाठी झिप फाइल उतरवून, उघडून आतील इन्स्टॉल ही आज्ञा प्रशासक म्हणून चालवायची असते. बसवल्यावर टर्मिनलची खिडकी बंद करून पुन्हा उघडावी आणि 'एडब्ल्यूएस --व्हर्जन' असे टाइप करावे. आवृत्तीचा आकडा दिसला की काम झाले. 'आज्ञा सापडली नाही' असा संदेश आला तर बहुधा पाथ नीट नोंदवला गेलेला नसतो.

आता 'एडब्ल्यूएस कॉन्फिगर' ही आज्ञा द्यावी. ती चार प्रश्न विचारते. पहिल्या दोन उत्तरांत दोन्ही किल्ल्या. तिसरा प्रश्न रीजनचा, तिथे 'यूएस-ईस्ट-१' लिहावे. मेकॅनिकल टर्कची एपीआय याच एका रीजनमधून चालते, मुंबई रीजन दिल्यास जोडणी होत नाही. चौथे उत्तर आउटपुटच्या स्वरूपाचे, तिथे 'जेसन' लिहावे. ही माहिती आपल्या होम फोल्डरमधील '.एडब्ल्यूएस' या लपलेल्या फोल्डरात साठते. सार्वजनिक किंवा सायबर कॅफेच्या संगणकावर हे काम करू नये, याचे कारण हेच.

पायरी चौथी : सँडबॉक्सशी बोलणे

कोणताही वेगळा पत्ता दिला नाही तर सीएलआय थेट खऱ्या बाजाराशी बोलते, म्हणजे खरे पैसे खर्च होतात. सँडबॉक्ससाठी प्रत्येक आज्ञेत '--एंडपॉइंट-यूआरएल' हा पर्याय आणि त्यापुढे सँडबॉक्सचा पत्ता द्यावा लागतो. तो असा : एचटीटीपीएस, मग 'एमटर्क-रिक्वेस्टर-सँडबॉक्स', टिंब, 'यूएस-ईस्ट-१', टिंब, 'ॲमेझॉनएडब्ल्यूएस', टिंब, 'कॉम'. खऱ्या बाजाराच्या पत्त्यात फक्त 'सँडबॉक्स' हा शब्द आणि त्याआधीची जोडरेघ नसते.

एवढ्या छोट्या फरकावर पैसे अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे. म्हणून दोन प्रोफाइल बनवावेत. 'एडब्ल्यूएस कॉन्फिगर --प्रोफाइल सराव' अशा धर्तीवर एक प्रोफाइल सरावासाठी आणि दुसरा खऱ्या कामासाठी. सीएलआयच्या अलीकडच्या आवृत्त्यांत कॉन्फिग फाइलमधील प्रोफाइलखाली 'एंडपॉइंट_यूआरएल' ही ओळ लिहून ठेवता येते, मग पत्ता दर वेळी टाइप करावा लागत नाही. मूळ, म्हणजे डिफॉल्ट प्रोफाइल सरावाचाच ठेवावा. त्यामुळे विसरभोळेपणाने दिलेली आज्ञा सँडबॉक्समध्येच जाते.

आता तपासणी : 'एडब्ल्यूएस एमटर्क गेट-अकाउंट-बॅलन्स'. सगळे नीट असेल तर उत्तरात १०,००० डॉलर शिल्लक दिसते. हे सँडबॉक्सचे खोटे पैसे आहेत. हा आकडा दिसला म्हणजे किल्ल्या, परवानगी, जोडणी, रीजन आणि पत्ता हे पाचही बरोबर आहेत. खऱ्या प्रोफाइलवर हीच आज्ञा आपली खरी शिल्लक दाखवते.

पायरी पाचवी : प्रश्नाची फाइल

प्रश्न एक्सएमएल फाइलमध्ये लिहिला जातो. तीन पद्धती आहेत. 'क्वेश्चन फॉर्म' ही जुनी, साच्यातली पद्धत. 'एक्स्टर्नल क्वेश्चन'मध्ये प्रश्न आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर असतो आणि कामगाराला तो चौकटीत दिसतो. 'एचटीएमएल क्वेश्चन'मध्ये आपण लिहिलेले एचटीएमएल पान थेट पाठवले जाते. सुरुवात तिसऱ्या पद्धतीने करावी.

या फाइलमध्ये बाहेरच्या वेष्टणात एचटीएमएल कंटेंट हा भाग असतो आणि त्यात सीडेटा या खुणांमध्ये आपले पान ठेवायचे असते. त्याखाली चौकटीची उंची. ती शून्य दिली तर पूर्ण खिडकी वापरली जाते. संपूर्ण प्रश्न ६४ केबीच्या आत बसायला हवा, म्हणून चित्रे पानात कोंबू नयेत, त्यांचे एचटीटीपीएस पत्ते द्यावेत.

साधा एचटीएमएल फॉर्म वापरला तर उत्तरासोबत असाइनमेंट आयडी परत पाठवण्याची व्यवस्था आपल्याला स्वतः करावी लागते. ॲमेझॉनने दिलेले 'क्राउड' नावाने सुरू होणारे तयार घटक वापरले तर ती आपोआप होते. प्रत्येक उत्तर-चौकटीला 'नेम' द्यायला विसरू नये. नाव नसलेल्या चौकटीतील मजकूर परत येत नाही आणि कामगाराचे श्रम वाया जातात.

मराठी मजकुरासाठी फाइल यूटीएफ-८ मध्ये, बीओएम चिन्हाशिवाय जतन करावी आणि पानाच्या वर मेटा टॅगमध्येही यूटीएफ-८ लिहावे. तसे केले नाही तर मराठीऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात.

सूचना लिहिण्याला सर्वाधिक वेळ द्यावा. जुन्या पानावरील ओळ टंकित करायची असेल तर नियम उदाहरणासह सांगावेत : जुने शुद्धलेखन तसेच ठेवायचे की बदलायचे, न वाचता येणाऱ्या शब्दाच्या जागी काय लिहायचे, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द जोडायचा का. कामगाराला आपल्याशी बोलायला समोर कोणी नसते. सूचनेतील संदिग्धतेचा भुर्दंड त्याच्या मजुरीवर पडू नये.

पायरी सहावी : पहिले काम टाकणे

आज्ञा आहे 'एडब्ल्यूएस एमटर्क क्रिएट-हिट'. तिच्यासोबत हे पर्याय द्यायचे :

--टायटल : कामाचे शीर्षक. 'सोपे काम' असे न लिहिता काम नेमके काय ते लिहावे.

--डिस्क्रिप्शन : एक-दोन वाक्यांत वर्णन.

--रिवॉर्ड : एका असाइनमेंटची मजुरी, डॉलरमध्ये, अवतरणात. उदाहरणार्थ '०.३०', अर्थात इंग्रजी अंकांत.

--मॅक्स-असाइनमेंट्स : किती जणांनी हे काम करावे.

--लाइफटाइम-इन-सेकंड्स : काम बाजारात किती वेळ दिसावे. एक दिवस म्हणजे ८६,४०० सेकंद. स्वल्पविराम न देता लिहावे.

--असाइनमेंट-ड्युरेशन-इन-सेकंड्स : काम हाती घेतल्यावर ते संपवायला मिळणारा वेळ. हा सढळ हाताने द्यावा. दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास म्हणजे १,८०० सेकंद ठेवले तर मधेच वीज किंवा नेट गेलेल्या माणसाचे काम बुडत नाही.

--ऑटो-अप्रूव्हल-डिले-इन-सेकंड्स : आपण काहीच केले नाही तर किती वेळाने मजुरी आपोआप मंजूर व्हावी. हा पर्याय दिला नाही तर मुदत ३० दिवसांची धरली जाते. ती दोन-तीन दिवसांवर आणावी.

--क्वेश्चन : 'फाइल', विसर्गासारखी दोन टिंबे, दोन तिरप्या रेघा आणि फाइलचे नाव. ही सुरुवातीची खूण विसरली तर फाइलचे नावच प्रश्न म्हणून पाठवले जाते आणि चूक दाखवली जाते.

आज्ञा यशस्वी झाली की उत्तरात हिट आयडी मिळतो. तो जपून ठेवावा. मग सँडबॉक्सच्या वर्कर बाजूला जाऊन स्वतःच ते काम करावे, एकदा नव्हे, पाच-दहा वेळा, हातात घड्याळ घेऊन. लागलेला सरासरी वेळ लिहून ठेवावा. मजुरी याच आकड्यावरून ठरवायची आहे.

पायरी सातवी : एकावरून अनेक

जुन्या संचातील 'लोड हिट्स' एका दमात शेकडो कामे टाकत असे. आजच्या सीएलआयमधील क्रिएट-हिट एका वेळी एकच काम टाकते. दोनशे ओळींसाठी दोनशे हिट हवे असतील तर शेल स्क्रिप्टमध्ये लूप चालवावा, किंवा पायथॉन येत असेल तर बोटो-३ ही लायब्ररी वापरावी. जुन्या संचासारखेच तीन भाग वेगळे ठेवावेत : मजुरी-मुदतीची फाइल, प्रश्नाचा साचा आणि चित्रांच्या पत्त्यांची यादी. साचा एकदाच तपासला की पुढच्या वेळी फक्त यादी बदलते.

आधी 'क्रिएट-हिट-टाइप' देऊन गट बनवावा आणि मग 'क्रिएट-हिट-विथ-हिट-टाइप'ने कामे टाकावीत. सगळी कामे कामगाराला एकाच गटात सलग दिसतात आणि तो एकदा सूचना वाचून अनेक कामे करू शकतो.

लूप मधेच तुटला तर पुन्हा चालवताना तीच कामे दोनदा पडण्याचा धोका असतो. त्यावर उपाय म्हणजे '--युनिक-रिक्वेस्ट-टोकन'. प्रत्येक ओळीला स्वतःचा क्रमांक टोकन म्हणून द्यावा. त्याच टोकनाची विनंती लगेच पुन्हा आली तर दुसरे हिट तयार होत नाही. शिवाय परत आलेला प्रत्येक हिट आयडी आणि ओळीचा क्रमांक एका फाइलीत नोंदवत जावे. ही नोंद हरवली तर कोणते उत्तर कोणत्या ओळीचे हे जुळवताना दिवस जातो.

काम कोणाला दिसावे हे '--क्वालिफिकेशन-रिक्वायरमेंट्स'ने ठरते. देशाची अट घालायची असेल तर लोकेल या तयार अटीत 'आयएन' हा भारताचा संकेत देता येतो. पण भारतात राहणारा प्रत्येक जण मराठी वाचतो असे नाही. मराठीच्या कामासाठी स्वतःची छोटी चाचणी क्वालिफिकेशन म्हणून तयार करणे हाच खरा मार्ग.

पायरी आठवी : निकाल घेणे

'गेट-हिट' एका कामाची स्थिती सांगते. 'लिस्ट-असाइनमेंट्स-फॉर-हिट' आलेली उत्तरे देते. प्रत्येक उत्तरासोबत कामगाराचा आयडी, काम हाती घेतल्याची वेळ, सादर केल्याची वेळ आणि एक्सएमएलमध्ये गुंडाळलेले उत्तर येते. सीएलआयची दुसरी आवृत्ती लांब उत्तर पानापानाने दाखवते. ते सरळ फाइलमध्ये घ्यायचे असेल तर '--नो-सीएलआय-पेजर' जोडावे.

निकाल वेळेवर उतरवून घ्यावेत. मुदत संपलेली कामे १२० दिवसांनी आपोआप काढून टाकली जातात. आपण आधी काढायची तर 'डिलीट-हिट' आहे, पण सर्व असाइनमेंटचा निर्णय झाल्याशिवाय ती आज्ञा चालत नाही. चालू काम तातडीने थांबवायचे असेल तर 'अपडेट-एक्स्पिरेशन-फॉर-हिट' देऊन '--एक्स्पायर-ॲट' समोर शून्य लिहावे. ज्यांनी काम आधीच हाती घेतले आहे त्यांना ते पूर्ण करता येते आणि त्यांची मजुरी द्यावीच लागते.

मंजुरी आणि नामंजुरी

'अप्रूव्ह-असाइनमेंट' दिल्यावर कामगाराला मजुरी मिळते. 'रिजेक्ट-असाइनमेंट' दिल्यावर मिळत नाही. टर्मिनलवर दोन्ही आज्ञा जवळपास सारख्याच लांबीच्या आहेत. दुसऱ्या बाजूला मात्र त्यांचा परिणाम फार वेगळा आहे.

नामंजुरीने फक्त त्या कामाचे पैसे जात नाहीत. कामगाराचे मंजुरीचे शेकडा प्रमाण घसरते, आणि अनेक कामांना ९५ टक्क्यांहून अधिक मंजुरीची अट असते. लूपमध्ये चुकून दिलेली नामंजुरीची एक आज्ञा दूरच्या गावातल्या माणसाची पुढच्या कित्येक दिवसांची कामे बंद करू शकते. आणि उत्तर तर काम देणाऱ्याच्या हातात आधीच आलेले असते. या एकतर्फी सत्तेला उत्तर म्हणून लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन यांनी २००८ मध्ये 'टर्कोप्टिकॉन' सुरू केले. तिथे कामगार काम देणाऱ्यांना गुण देतात : मजुरी कशी, वेळेवर मिळते का, नामंजुरी न्याय्य होती का.

म्हणून काही नियम पाळावेत. नामंजुरीची आज्ञा कधीही लूपमध्ये घालू नये, ती एकेक करून, उत्तर वाचूनच द्यावी. तिच्यासोबत '--रिक्वेस्टर-फीडबॅक'मध्ये स्पष्ट कारण लिहावे. तिघांपैकी एकाचे उत्तर वेगळे आले एवढ्यावरून ते चूक ठरत नाही, कधी कधी तोच एकटा बरोबर असतो. आपली सूचना अपुरी असेल तर चूक आपली, पैसे द्यावेत. नामंजुरी चुकीची होती असे लक्षात आले तर 'अप्रूव्ह-असाइनमेंट'ला '--ओव्हरराइड-रिजेक्शन' जोडून ३० दिवसांच्या आत ती फिरवता येते. कामाला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला असे दिसले तर 'सेंड-बोनस'ने फरक देता येतो.

पैशांचा हिशेब

मजुरीवर ॲमेझॉन २० टक्के शुल्क घेते, प्रत्येक असाइनमेंटमागे किमान एक सेंट. एका हिटला १० किंवा अधिक असाइनमेंट असतील तर आणखी २० टक्के. बोनसवरही शुल्क लागते.

समजा २०० ओळी आहेत, प्रत्येक ओळ तिघांनी टंकित करायची आणि मजुरी ३० सेंट. असाइनमेंट झाल्या ६००, मजुरी १८० डॉलर, शुल्क ३६ डॉलर, एकूण २१६ डॉलर. आता १०० जणांकडून एकच प्रश्नावली भरून घ्यायची आणि मजुरी तीच, असे धरा. मजुरी ३० डॉलर, शुल्क ४० टक्क्यांनी १२ डॉलर, एकूण ४२ डॉलर. म्हणूनच बरेच जण एका हिटच्या असाइनमेंट नऊवर थांबवतात. नऊ किंवा कमी ठेवून सुरू केलेले हिट नंतर दहापर्यंत वाढवता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मजुरी किती ठेवावी? सँडबॉक्समध्ये आपण घड्याळ लावून काढलेला वेळ इथे कामी येतो. काम दोन मिनिटांचे असेल आणि मजुरी ३० सेंट, तर तासाला ३० कामे, म्हणजे ९ डॉलर. तेच काम तीन मिनिटांचे आणि मजुरी ५ सेंट असेल तर तासाला फक्त १ डॉलर. अमेरिकेतील केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. या बाजारातली मधली, म्हणजे मध्यक कमाई ताशी सुमारे २ डॉलर असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. त्या अभ्यासात काम शोधण्यात, अर्धवट सोडाव्या लागलेल्या आणि नामंजूर झालेल्या कामांत गेलेला वेळही मोजला होता. आपण स्वतः तयार केलेले काम आपल्याला सवयीमुळे लवकर जमते, नवख्याला जास्त वेळ लागतो. हा फरक धरून मजुरी वरच ठेवावी.

नेहमी येणाऱ्या अडचणी

'परवानगी नाही' असा संदेश : खात्यांची जोडणी झालेली नाही, किंवा आयएएम वापरकर्त्याला परवानगी दिलेली नाही. सँडबॉक्सची जोडणी वेगळी असते हे विसरू नये.

सही जुळत नाही असा संदेश : सीक्रेट की चुकीची चिकटवली आहे किंवा संगणकाचे घड्याळ मागेपुढे आहे. प्रत्येक विनंतीवर वेळेचा शिक्का असतो, म्हणून वेळ आपोआप जुळवून घेण्याची सोय सुरू ठेवावी.

पत्त्याशी जोडणी होत नाही : रीजन 'यूएस-ईस्ट-१' आहे का ते पाहावे.

शिल्लक अपुरी : खऱ्या खात्यात पैसे भरलेले नाहीत. मजुरीसोबत शुल्कही धरून रक्कम हवी.

एक्सएमएल चुकीचे : एखादी खूण बंद करायची राहिली, सीडेटा तुटला, किंवा फाइलच्या सुरुवातीला बीओएम आला.

काम टाकले पण दिसत नाही : सँडबॉक्समध्ये टाकून खऱ्या बाजारात शोधत असाल, किंवा उलट. उलट असेल तर आधी काम थांबवावे, मग शोधावे.

काय चढवू नये

कार्यकर्त्यांच्या हाती असलेली कागदपत्रे साधी नसतात. पीडितांचे अर्ज, एफआयआरच्या प्रती, जातीचे दाखले, आधार कार्ड, पंचनाम्यातील छायाचित्रे यांतले काहीही या सेवेवर टंकनासाठी किंवा वर्गीकरणासाठी देऊ नये. काम जगातल्या कोणत्याही अनोळखी माणसाच्या पडद्यावर उघडते, आणि एकदा दिसलेले परत घेता येत नाही. नावे झाकली तरी गाव, तारीख आणि घटना यांवरून माणूस ओळखू येतो. अशी कामे विश्वासातल्या माणसांनी, बंद खोलीत, स्वतःच्या संगणकावरच करावीत. कामगारांकडूनही त्यांचे नाव, फोन, ईमेल मागू नये, सेवेच्या नियमांतही ते बसत नाही.

ज्या छापील मजकुराचे हक्क मुक्त झाले आहेत आणि जो सर्वांसाठी खुला व्हावा अशी इच्छा आहे, त्यासाठी पैसे देऊनच काम करून घ्यावे असेही नाही. मराठी विकिस्रोतावर स्कॅन केलेले पान आणि टंकित मजकूर शेजारी ठेवून स्वयंसेवक मुद्रितशोधन करतात. झूनिव्हर्स या सेवेवर स्वयंसेवकांकडून लिप्यंतर आणि वर्गीकरण करून घेता येते, आणि तिलाही स्वतःचे कमांड लाइन साधन आहे. वर सांगितलेली सूचना लिहिण्याची, सरावाची आणि नोंदी ठेवण्याची शिस्त तिथेही तितकीच लागू पडते.

खरे काम टाकण्याआधीची यादी

रूटची किल्ली वापरात नाही. डिफॉल्ट प्रोफाइल सरावाचा आहे. गेट-अकाउंट-बॅलन्स दोन्ही प्रोफाइलवर चालते. प्रश्न सँडबॉक्समध्ये स्वतः करून पाहिला आहे आणि गटाबाहेरच्या निदान दोघांकडून करून घेतला आहे. सरासरी वेळ लिहिलेला आहे आणि त्यावरून ताशी मजुरी काढली आहे. असाइनमेंटची संख्या आणि शुल्क मोजले आहे. प्रत्येक ओळीला टोकन आहे. आपोआप मंजुरीची मुदत तीन दिवसांच्या आत आहे. प्रश्नांना उत्तर देण्यासाठी कोण कार्यकर्ता कोणत्या वेळी उपलब्ध आहे हे ठरले आहे. आधी दहा हिट टाकायचे, निकाल वाचायचे, मजुरी द्यायची, आणि मगच उरलेले १९० टाकायचे.